ला पाझला उतरल्यावर पहिले दोन दिवस

बोलिव्हियातल्या ला पाझचा विमानतळ शहराच्या डोक्यावर आहे. एल आल्टो त्याचं नाव, स्पॅनिशमध्ये अर्थच 'उंच'. उंची 4,061 मीटर. आपली दोन कळसूबाई शिखरं एकावर एक ठेवली तरी विमानतळ त्यांच्याही साडेसातशे मीटर वर राहतो. म्हणून पहिली गोष्ट: सामानाच्या पट्ट्यावर स्वतःची बॅग दिसली की झेप घेऊ नका. ती फिरून परत येते. मी झटक्यात उचलली आणि पुढची पाच मिनिटं भाचीच्या खांद्याला धरून उभी राहिले. इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ-बासष्ट टक्केच असतो. तब्येत कितीही ठणठणीत असली तरी शरीराला ते कळायला वेळ लागतो.

टॅक्सी एल आल्टोच्या सपाटीवरून निघते आणि अचानक रस्त्याची एक बाजू संपते. खाली अख्खं शहर एखाद्या प्रचंड परातीत सांडल्यासारखं. गिलावा न केलेल्या लाल विटांची घरं कड्याच्या काठापर्यंत चढत गेलेली, आणि पलीकडे 6,438 मीटरचा बर्फाळ इल्लिमानी. चालकाला थांबायला सांगायचा मोह होईल. थांबू नका, हेच दृश्य उद्या बसल्या जागी दिसणार आहे. आधी खाली उतरा. मुक्काम मध्यवस्तीत असेल तर साधारण 3,600 मीटर, आणि 'सोपोकाची' नावाची वस्ती किंवा त्याहून खालचा दक्षिण भाग मिळाला तर आणखी बरं. इथला हिशेब सरळ आहे: जितकं खाली, तितकी ऊब आणि तितका श्वास मोकळा. घरांच्या किमतीही त्याच हिशेबाने, खाली जाल तशा वाढत जातात. 1548 मध्ये स्पॅनिश लोकांनी आधी पठारावर लाहा इथे शहर वसवलं आणि लगेच ते या दरीत हलवलं. पठारावरचा वारा अंगावर घेतला की ते का हलले असतील हे वेगळं सांगावं लागत नाही.

पहिला दिवस झोपा, पाणी प्या, जेवण हलकं ठेवा. दारू नको. हॉटेलात कोकाच्या पानांचा चहा समोर येईल. बोलिव्हियात तो कायदेशीर आहे आणि घरोघरी पितात, मला त्याने बरं वाटलं. पण त्याची एक पुडीसुद्धा परतीच्या बॅगेत टाकू नका, भारतात कोकाचं पान अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं. उंचीवरची गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्यांनी तर नक्कीच. डोकं दुखणं, झोप मोडणं हे बहुतेकांना होतं. पण बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर वाट न पाहता खालच्या भागात उतरा आणि डॉक्टर गाठा. आणि पीतज्वराची लस निदान दहा दिवस आधी घेऊन तिचं कार्ड जवळ ठेवा, परतताना भारतात ते मागतात.

दुसऱ्या दिवशी शहर बघायचं, पण बसून. यासाठी ला पाझसारखं शहर नाही, कारण इथे रोपवे हीच लोकल आहे. 'मी तेलेफेरिको' (स्पॅनिशमध्ये 'माझा रोपवे') 2014 मध्ये सुरू झाली, आता तिच्या दहा मार्गिका आहेत आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. मी गेले तेव्हा एका मार्गिकेचं तिकीट 3 बोलिव्हियानो होतं. सुट्टे जवळ ठेवा.

माझा मार्ग सांगते. जुन्या रेल्वे स्टेशनापाशी लाल मार्गिका धरा. फलकावर आयमारा भाषेत 'ताय्पी उता' लिहिलेलं दिसेल, म्हणजे मधलं घर. दहा जणांची पेटी, समोर दफ्तर मांडीवर घेतलेली मुलं, गोल टोपी आणि पोयेरा, म्हणजे घेरदार परकर, घातलेल्या बायका. बसताना 'बुएनोस दियास' म्हणा, सगळे उत्तर देतात. पुढचं स्टेशन सार्वजनिक दफनभूमीपाशी आहे. तिथे शवपेट्यांचे कप्पे मजल्यांवर मजले चढवलेले, प्रत्येकाला काचेचं दार आणि आत ताजी फुलं. वरून हे दिसतं तेव्हा रोपवेच्या पेटीतलं बोलणं आपोआप थांबतं. स्टेशनाचं नाव 'आहायुनी', आहायु म्हणजे आत्मा.

वर एल आल्टोत गुरुवारी किंवा रविवारी पोचलात तर खाली मैलोगणती बाजार पसरलेला असेल. मी त्यात उतरले नाही, दुसऱ्याच दिवशी 4,000 मीटरवर गर्दीत चालणं शहाणपणाचं नव्हे. तिथून चंदेरी मार्गिकेने कडेकडेने जा, मग पिवळीने खाली आणि हिरवीने आणखी खाली इर्पावीपर्यंत. पिवळीवर तोंड इल्लिमानीकडे येईल अशी जागा धरा. विटांचा लाल रंग हळूहळू मागे पडतो, गिलावा येतो, मग झाडं, मग बंगले. इर्पावीला उतरल्यावर मी स्वेटर काढला. उंची एका शहराची कशी वाटणी करते हे मी पुस्तकात वाचलं होतं, इथे ते त्वचेला कळलं.

दुपारनंतर थोडं चाला, तेही उताराकडे. रस्ता चुकलात तर उतार धरा. परातीच्या तळाशी 'एल प्रादो' हा मुख्य रस्ता आहे आणि त्याच्या खालून चोकेयापू नदी झाकून नेलेली आहे. चौकात झेब्र्याच्या वेशातली तरुण मुलं लोकांना हात धरून रस्ता ओलांडून देतात, 2001 पासून हा उपक्रम चालू आहे. मुरियो चौकात संसदेच्या इमारतीवरचं घड्याळ उलटं फिरतं. 2014 मध्ये ते मुद्दाम तसं केलं, दक्षिण गोलार्धात सूर्यघड्याळाची सावली याच दिशेने सरकते म्हणून.

खाण्याबद्दल थोडक्यात: सालतेन्या सकाळीच खायची, दुपारपर्यंत संपते. करंजीच्या जातीची, आत मांसाचा रस्सा. उभी धरून वरचा कोपरा चावायचा आणि आधी रस्सा ओढायचा. मांस खात नसाल तर चीज भरलेलं पास्तेल आणि जांभळ्या मक्याचं गरम आपी घ्या. त्यात दालचिनी-लवंग असते, थंडीत फार बरं वाटतं.

सागार्नागा रस्त्याचा चढ तिसऱ्या दिवसासाठी ठेवा. मी दुसऱ्याच संध्याकाळी चढायला गेले आणि अर्ध्यावर एका दुकानाच्या पायरीवर बसले. वाळवलेल्या औषधी वनस्पती विकणाऱ्या बाईंनी 'कासेरिता' अशी हाक मारली आणि कपभर गरम काढा दिला. इथे विक्रेता गिऱ्हाइकाला आणि गिऱ्हाईक विक्रेत्याला एकाच शब्दाने हाक मारतं. त्यांच्या मागे लामाचे वाळवलेले गर्भ टांगलेले होते. घर बांधताना ते पायाभरणीत पुरून पाचामामाला, म्हणजे भूमातेला अर्पण करतात. फोटो काढायचा तर आधी विचारा. मी विचारलं, त्यांनी मान हलवून नको म्हटलं, आणि मी फोन पर्समध्ये ठेवून काढा संपवला.