बालगृहातून बाहेर पडताय? कागदपत्रांच्या या चुका टाळा

सांगलीत २०१९ च्या महापुरात एका पोराची पत्र्याची पेटी पाण्याखाली गेली. आत शाळेचा दाखला होता आणि आईचा एकुलता एक फोटो. दाखल्याची दुसरी प्रत शाळेने दिली. फोटो गेला तो गेलाच. तेव्हापासून बालगृहातल्या प्रत्येक मुलाला मी सांगते, तुमच्या कागदपत्रांची फाइल तुमची आहे, अठरा पूर्ण व्हायच्या आत ती मागून घ्या.

"सगळं ऑफिसात आहे की" यावर विसंबू नका. अधीक्षक बदलतात, कपाटं हलतात. बाल कल्याण समितीच्या (मुलाला बालगृहात ठेवायचं का हे ठरवणारी जिल्ह्यातली समिती) आदेशाची प्रत, जन्माचा दाखला, गुणपत्रिका, पासबुक यांच्या झेरॉक्सचे दोन संच करा आणि ते वेगवेगळ्या जागी ठेवा. आधारला कुणाचा मोबाइल नंबर जोडलाय तेही बघा. बहुतेकदा तो संस्थेतल्या कुणाचा तरी निघतो आणि पुढे प्रत्येक ओटीपीसाठी त्यांना फोन करत बसावं लागतं.

सगळ्यात महागात पडते ती जन्मतारीख. मिरजेकडच्या एका मुलीची तारीख शाळेत १ जून, आधारवर १ जानेवारी आणि समितीच्या आदेशात नुसतं 'अंदाजे वय ७'. शिष्यवृत्तीचा फॉर्म तिथंच अडला. अशा वेळी घाईघाईने आधार केंद्र गाठू नका, कारण आधारवर जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते. आधी शाळेचं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश घेताना नाव आणि जन्मतारीख नोंदवतात ती वही, बघा. त्यात चूक असेल तर दहावीचा फॉर्म भरण्याआधीच मुख्याध्यापकांकडे अर्ज द्या. मग त्या तारखेशी आधार जुळवा. २०१५ च्या बाल न्याय कायद्यातही वय ठरवताना शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र आधी बघतात, वैद्यकीय चाचणी सगळ्यात शेवटी.

अनाथ प्रमाणपत्राचा अर्ज नोकरीची जाहिरात येईपर्यंत लांबवू नका. २०१८ पासून राज्यात अनाथांना शिक्षणात आणि नोकरीत १ टक्का आरक्षण आहे. अर्ज जिल्हा महिला व बाल विकास कार्यालयात करायचा. संस्थेत असतानाच केलात तर पुरावे हाताशी असतात.

आणि एक वही ठेवा. फाइलमध्ये दुसऱ्यांनी तुमच्याबद्दल लिहिलेलं असतं. वहीत तुम्ही लिहा: संस्थेत आलात तो दिवस, गावाचं नाव, सायकल कुणी शिकवली. प्रत्येक फोटोमागे पेन्सिलीने नावं आणि साल टाका, शाई ओलीनं पसरते. मात्र सोबतच्या मुलांचे फोटो स्टेटसला लावू नका. त्यांची ओळख उघड करायला कायद्याने बंदी आहे.

मिरजेच्या त्या मुलीने वहीच्या पहिल्या पानावर लिहिलंय: "कपाळावरची खूण चुलीवर पडल्याची आहे, मावशींनी सांगितलं."