पुस्तक मिटल्यावर सुरू होते ती उजळणी

दहावीच्या वर्षी डिसेंबरमधल्या सराव परीक्षेत मला विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी १९ गुण मिळाले. अभ्यास केला नव्हता असं अजिबात नाही. 'भिंगे व त्यांचे उपयोग' हा धडा मी चार वेळा वाचला होता आणि हायलायटरनं निम्मी पानं पिवळी केली होती. तरी पेपरात भिंगाचं सूत्र लिहिताना हात अडला. मध्ये अधिक येतं की वजा? ते पान डोळ्यांसमोर होतं, सूत्र कुठल्या कोपऱ्यात छापलंय तेही आठवत होतं, पण चिन्ह काही केल्या आठवेना.

घरी येऊन रडले. आजी म्हणाली, "वाचलंस ना? मग आता पुस्तक माझ्याकडे दे आणि म्हणून दाखव." तिच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असायचा. पाढे, पावकी, निमकी रोज मोठ्यानं म्हणायची आणि चुकलं की पहिल्यापासून सुरुवात. ठाण्यात कोपरीतल्या आमच्या एका खोलीत ती पुस्तक उघडून बसली आणि मी भिंतीकडे बघून सांगायला लागले. विज्ञान तिला येत नव्हतं, पण वाचता येत होतं. मध्येच म्हणाली, "थांब. इथे दोघांच्या मध्ये वजाची खूण आहे. तू अधिक म्हणालीस." ती चूक माझ्याकडून पुन्हा कधीच झाली नाही.

यंदा पहिल्यांदाच बोर्डाला बसणाऱ्यांना मला एवढंच कळकळीनं सांगायचंय: पुन्हा वाचणं म्हणजे उजळणी नव्हे. पुस्तक मिटून आठवणं म्हणजे उजळणी. वाचन फसवं असतं, कारण ओळखीचं वाटलं की आपल्याला येतं असंच वाटतं. रोडिगर आणि कार्पिके या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल ते लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. आपला पेपर पाच मिनिटांनी नसतो.

मी काय करायचे ते सांगते. बाबा वागळे इस्टेटमधल्या त्यांच्या ऑफिसातून पाठकोरे कागद आणायचे. धडा एकदा नीट वाचायचा, पुस्तक दप्तरात टाकायचं (समोर ठेवलं की हात जातोच) आणि दहा मिनिटं आठवेल ते सगळं निळ्या पेनानं लिहायचं. आकृत्यासुद्धा. अक्षर कसंही चालेल. मग पुस्तक उघडून जे राहिलं ते लाल पेनानं भरायचं. पहिल्या दिवशी कागद लालच लाल दिसतो. घाबरू नका, तो लाल भाग हाच तुमचा उद्याचा अभ्यास. जे निळं आहे ते परत वाचण्यात वेळ घालवू नका.

तोच धडा मग एक दिवस सोडून, नंतर आठवड्यानं, नंतर तीन आठवड्यांनी कोऱ्या कागदावर. एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवलं होतं की विसरणं सुरुवातीला सगळ्यात वेगानं होतं आणि पुढे मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर, पुढच्या लांब-लांब. कागदाच्या कोपऱ्यात पुढची तारीख लिहून ठेवायची, एवढंच माझं वेळापत्रक. डिसेंबरच्या आधी मी रंगीत वेळापत्रकं बनवण्यात दोन रविवार घालवले होते, त्याचं मला आजही वाईट वाटतं.

गणिताला हे जरा बदलून करावं लागतं. सोडवलेलं उदाहरण वाचून 'समजलं' म्हणू नका. उत्तर झाका, स्वतः सोडवा, अडलात की फक्त पुढची एक ओळ उघडा. आणि प्रकरणं मिसळा. एकाच सरावसंचातली दहा उदाहरणं ओळीनं सोडवली की अकरावं हात आपोआप सोडवतो, पण बोर्डाच्या पेपरात हे कुठल्या प्रकरणातलं ते कोणी सांगत नाही. भूमितीच्या प्रमेयाला आधी आकृती, मग पक्ष आणि साध्य, सगळं न बघता.

भूगोलाचं पुस्तक तर उजळणीसाठीच केल्यासारखं आहे. भारत आणि ब्राझील, दोन रकाने आखा, डोक्यातून भरा: नद्या, हवामान, दाट वस्ती कुठे आणि का. ब्राझीलचा रकाना रिकामा राहतो, हमखास.

मराठीच्या कृतिपत्रिकेतलं उपयोजित लेखन मात्र मनात आठवून भागत नाही. ते घड्याळ लावून लिहावंच लागतं.

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो रस्त्याचा. क्लास नौपाड्यात होता. कोपरीहून रेल्वे ओलांडून चालत जाताना मी आदल्या दिवशीचा धडा मनात सांगत जायचे. जिथे अडायचे तो मुद्दा क्लासच्या पायऱ्यांवर बसून बघायचे. रविवारी संध्याकाळी आम्ही तिघी मैत्रिणी तलावपाळीला एकमेकींना प्रश्न विचारायचो. एकीला समजावून सांगताना आपल्याला काय येत नाही ते लगेच कळतं.

जागरणं करू नका, हे मी अगदी हात जोडून सांगते. दिवसभर वाचलेलं झोपेत पक्कं होतं. रात्री दीडपर्यंत जागून केलेला धडा मला सकाळी अर्धा आठवायचा. शेवटचे तीन आठवडे मी जुने पेपर सोडवले, विज्ञान-गणिताला बरोबर दोन तास, मोबाईल स्वयंपाकघरात आईजवळ.

ज्यांना हे फार उशिरा कळतंय त्यांनी सगळे धडे धरू नयेत. प्रत्येक विषयातले सगळ्यात कच्चे दोन घ्या आणि आज रात्री एका कागदापासून सुरुवात करा.

यंदा धाकटा भाऊ दहावीत आहे. आजीसमोर भिंतीकडे तोंड करून बसतो. परवा भिंगाच्या सूत्रापाशी तोही अडला. आजीचा चष्मा कपाटावर होता, पुस्तक मिटलेलं होतं. ती म्हणाली, "वजा रे, वजा."