गिटारच्या लूपचा सांधा ऐकू येऊ नये म्हणून

घरच्या मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर (प्रत्येक वाद्य वेगळ्या ट्रॅकवर घेणाऱ्या यंत्रावर) गिटारचा चार बारांचा तुकडा एकदा वाजवून गाणेभर फिरवत ठेवणे, म्हणजे त्याचा लूप करणे, वरकरणी सोपे वाटते, कारण कॉपी आणि पेस्टची सोय बहुतेक यंत्रांत असतेच. तरीही नवख्याचा लूप दर फेरीला अडखळतो, आणि त्याचे मूळ बहुधा कापाकापीत नसून वाजवण्याआधी जे ठरवायला हवे होते ते न ठरवण्यात असते. चार-चार मात्रांच्या चार बारांच्या १६ मात्रा होतात, म्हणजे तीनतालाचे एक आवर्तन. ते समेवर नेमके आले नाही, तर तबला न शिकलेल्या श्रोत्यालाही काहीतरी चुकल्याचे कळते.

म्हणून आधी लय ठरवावी, आणि ती हिशेबाला सोपी असावी. मिनिटाला ९६ मात्रांची लय घेतली, तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची होते आणि १६ मात्रा बरोबर १० सेकंदांत बसतात. असे २४ लूप म्हणजे चार मिनिटांचे गाणे. आता समजा, तुकडा केवळ कानाच्या अंदाजाने कापला आणि तो १० मिलिसेकंद लांब राहिला. एका फेरीत ही चूक कोणालाही ऐकू येणार नाही, पण २४ फेऱ्यांनंतर ती जवळजवळ पाव सेकंदाची होते, म्हणजे मात्रेच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, आणि मग शेवटच्या कडव्यात गिटार एकीकडे व ठेका दुसरीकडे अशी अवस्था होते. यासाठी रेकॉर्डरचा मेट्रोनोम लावून, तो फक्त हेडफोनमध्ये ऐकत वाजवावे, आणि स्क्रीनवर मिनिट-सेकंदांऐवजी बार आणि मात्रा दिसतील अशी निवड करता येत असल्यास ती करावी.

नागपुरात एप्रिल-मे महिन्यांत आणखी एक प्रश्न उभा राहतो, तो कूलरचा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना कूलर बंद करा असे सांगणे जिवावर येते, परंतु माइक लावून अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करायची असेल तर त्याला इलाज नाही. पंख्याची घरघर लूपच्या प्रत्येक सांध्यावर तुटते आणि सांधा उघडा पाडते. शिवाय कूलरच्या ओलसर, गार हवेत लावलेले सूर तो बंद करून खोली तापू लागली की हलतात. म्हणून कूलर दहा मिनिटे आधी बंद करावा आणि त्यानंतर सूर लावावेत. शांतता मिळावी म्हणून मी एकदा पहाटे पाच वाजता बजाजनगरातल्या माझ्या खोलीत बसलो होतो. तेव्हा खिडकीबाहेरच्या कडुनिंबावरची कोकिळा नेमकी तिसऱ्या बारात ओरडली आणि संपादन होईपर्यंत ते माझ्या लक्षात आले नाही. त्या गाण्यात ती २४ वेळा ओरडते. थेट केबल जोडून इलेक्ट्रिक गिटार वाजवणाऱ्याला हा त्रास नाही.

माइक साधारण बाराव्या फ्रेटसमोर वीस-तीस सेंटिमीटरवर ठेवून, सर्वांत जोरकस आघातही उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील अशी लेव्हल घ्यावी. मग हा तुकडा एकदाच न वाजवता, न थांबता सलग तीनदा वाजवावा. या साऱ्या खटाटोपात माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. तुकडा एकदाच वाजवला तर त्याची सुरुवात शांततेतून होते, तर शेवटच्या कॉर्डची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, कापलेल्या जागी एकदम तुटते. तीनदा वाजवल्यावर मधल्या आवर्तनाच्या आरंभी आधीच्या शेवटची आस आपोआप मिसळलेली असते, त्यामुळे त्याचे शेपूट आणि तोंड एकमेकांना जुळते. रिव्हर्ब (आवाजाला दिलेली कृत्रिम घुमारी) मात्र रेकॉर्ड करताना लावू नये; तो मिक्सच्या वेळी संपूर्ण ट्रॅकला द्यावा.

आता मधले आवर्तन कापायचे. येथे हमखास होणारी चूक म्हणजे काप बरोबर बारच्या रेषेवर घेणे. हात मेट्रोनोमच्या किंचित आधी पडत असेल, तर आघाताचा पहिला अंश कापला जातो आणि सम बोथट वाटते. त्यामुळे आरंभबिंदू २० ते ३० मिलिसेकंद मागे न्यावा आणि शेवटचा बिंदूही तेवढाच मागे न्यावा, म्हणजे लांबी १० सेकंदच राहते; पेस्ट करण्याची जागाही तितकीच अलीकडे घ्यावी. सांध्यावर बारीक ‘टक’ ऐकू आली तर दोन्ही बाजूंच्या लहरींची पातळी तेथे जुळत नाही असे समजावे. लहरींचे चित्र दाखवणाऱ्या यंत्रावर दोन्ही बिंदू लहर शून्य रेषा ओलांडते तेथे आणावेत किंवा पाच-दहा मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्यावा, म्हणजे एक तुकडा विरत असतानाच दुसरा उमटू द्यावा; चित्र नसेल तर दोन्ही बिंदू थोडे थोडे सोबतच सरकवून हेडफोनवर ऐकत राहावे.

पेस्ट किती वेळा करायचे हे काही यंत्रे विचारतात. विचारत नसतील तर एकाचे दोन, दोनाचे चार असे दुप्पट करत जावे. पाच खेपांत २४ पर्यंत पोहोचता येते. मूळ रेकॉर्डिंग मात्र वेगळ्या ट्रॅकवर तसेच राहू द्यावे. टास्कॅम कंपनीने १९७९ साली चार ट्रॅकचे कॅसेटवरचे पोर्टास्टुडिओ घरात आणले तेव्हा अशी कॉपी करणे म्हणजे दर खेपेला आवाजात खरखर वाढवणे होते. आज तो तोटा नाही, म्हणून मूळ पुसण्याची घाईही नको.

एकच आवर्तन २४ वेळा ऐकून कान कंटाळतात. तीनऐवजी चारदा वाजवून मधली दोन आवर्तने आलटून पालटून लावली, तर हाताचा नैसर्गिक फरक टिकतो. गाण्याच्या आरंभी मधले आवर्तन लावू नये, कारण त्यात न वाजलेल्या कॉर्डची आस ऐकू येते. तेथे पहिले आवर्तनच ठेवावे. शेवटी मात्र शेवटचे आवर्तन लावावे आणि त्यातल्या तारा आपसूक विझेपर्यंत फेडर (आवाज कमी-जास्त करणारी सरकती कळ) खाली ओढू नये.