पुढचे डिस्क-पॅड घरीच बदलताय? मग या चुका टाळा

थार किंवा जिम्नीच्या पुढच्या ब्रेकच्या डिस्क (चाकासोबत फिरणारी चकती) आणि पॅड (ती चकती दोन्हीकडून दाबणारे) बदलणं हे काम तसं फार अवघड नाही. चाक काढा, कॅलिपर (पॅडना डिस्कवर दाबणारा भाग) सोडवा, जुनं काढा, नवं बसवा. हात बसलेला माणूस एका सकाळी दोन्ही बाजू उरकतो. पण घरी केलेल्या कामानंतर ज्या तक्रारी येतात, म्हणजे स्टिअरिंग थरथरतं, गाडी एका बाजूला ओढते, एकच चाक तापतं, त्यांचं मूळ नव्या पार्टमध्ये क्वचितच सापडतं. न घासलेला गंज आणि न काढलेला चिखल, बहुतेक वेळा दोषी हेच. मुंबईत तर जास्तच. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस आणि सुट्टीच्या दिवशी कर्जत-मुरबाडच्या लाल मातीत लोळून आलेली गाडी. अशा गाडीच्या ब्रेकचं काम काढलंत तर निम्मा वेळ साफसफाईसाठी ठेवा.

पार्ट घेताना

कुर्ल्याचा सीएसटी रोड असो की ऑपेरा हाऊस, काउंटरवर ‘थारच्या पुढच्या डिस्क द्या’ एवढं म्हणून भागत नाही. २०१० सालची थार आणि २०२० सालची थार यांच्यात नाव सोडलं तर फारसं काही सारखं नाही. आरसीवरचा चेसिस नंबर फोनमध्ये ठेवा आणि त्यावरूनच पार्ट नंबर काढायला सांगा. घरी जुनी डिस्क निघाल्यावर नवी शेजारी ठेवून व्यास, जाडी, मधलं भोक आणि टोपीची, म्हणजे मधल्या फुगीर भागाची, उंची जुळतेय का ते बघा. उंचीत दोन-तीन मिलिमीटरचा फरक असेल तर डिस्क बसते खरी, पण कॅलिपरच्या मधोमध येत नाही.

दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे, डिस्कही जोडीनेच. एका बाजूला नवं आणि दुसऱ्या बाजूला जुनं ठेवून पैसे वाचवणाऱ्यांची गाडी ब्रेक मारताच एकीकडे खेचते. डिस्क खरंच बदलायला हवी का, हेही आधी तपासा. बहुतेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरने मोजलेली जाडी त्याहून चांगली जास्त असेल आणि पृष्ठभाग गुळगुळीत असेल, तर नुसते पॅड पुरतात. आणि काम शनिवारी काढा. रविवारी दुपारी क्लिप तुटली तर बाजार बंद आणि सोमवारी ऑफिसला टॅक्सी.

गाडी उचलताना

सोसायटीच्या आवारातले पेव्हर ब्लॉक दिसायला सपाट असतात, पण खालची वाळू पावसात वाहून गेलेली असली की जॅकखाली खचतात. जाड प्लायवुडचा तुकडा खाली घ्या. गाडीसोबत मिळालेल्या जॅकच्या भरवशावर हात आत घालू नका, घोडी (उचललेली गाडी तोलून धरणारा स्टँड) लावायचीच. विटा किंवा पेव्हर ब्लॉक रचून केलेला टेकू म्हणजे घोडी नव्हे. भाजलेली वीट सूचना न देता फुटते.

घोडी कुठे लावायची हे गाडीवर ठरतं. जिम्नीला पुढेही अखंड अॅक्सल आहे, त्यामुळे अॅक्सलच्या नळीखाली घोडी छान बसते. २०२० नंतरच्या थारचं पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र आहे, तिथे चेसिसखाली लावा. सस्पेन्शन किट टाकून उंच केलेल्या गाडीत कंपनीचा जॅक पुरतच नाही, हे चाकाचे नट ढिले करायच्या आधी लक्षात आलेलं बरं. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड, हँडब्रेक वर, आणि काढलेलं चाक चेसिसखाली आडवं सरकवून ठेवा.

एका वेळी एकच बाजू उघडा. कोणती क्लिप कुठे होती हे विसरलात तर दुसऱ्या बाजूला जाऊन बघता येतं.

डिस्क निघत नाही म्हणून

इथे बरेच जण हातोडी उचलतात. कडेवर दणके घातले की धक्का थेट बेअरिंगला बसतो, आणि एबीएसचा सेन्सर शेजारीच असतो. आधी डिस्कच्या टोपीवर आटे पाडलेली दोन छोटी भोकं आहेत का बघा. अनेक गाड्यांत ती मुद्दाम दिलेली असतात, बहुधा ८ मिलिमीटरच्या बोल्टची. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा. मग दोन बोल्ट आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळत जा. ‘टक्’ असा आवाज येतो आणि डिस्क सुटते. काही जुन्या फोर बाय फोरमध्ये डिस्क हबलाच (ज्यावर चाक बसतं त्या भागाला) आतून बोल्ट केलेली असते, तिथे हब आणि बेअरिंग उतरवावं लागतं. तुमची गाडी तशी असेल तर हे काम अर्ध्या दिवसाचं राहत नाही.

काढलेला कॅलिपर ब्रेकच्या होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या लवचीक नळीवर, लोंबकळत ठेवू नका. होज बाहेरून धड दिसतो, पण आतून चिरतो. कपडे वाळत घालायच्या नायलॉन दोरीचा तुकडा घ्या आणि स्प्रिंगला बांधून टाका.

हबचा चेहरा: सगळ्यात महागडा आळस

जुनी डिस्क निघाल्यावर हबचा जो सपाट भाग दिसतो, त्यावर गंजाचा पापुद्रा असतोच. बहुतेक जण त्यावर फडकं फिरवतात आणि चकचकीत नवी डिस्क चढवतात. गणित बघा. हबच्या कडेला ०.१ मिलिमीटरचा गंज राहिला, तर डिस्क तेवढी तिरकी बसते. आणि डिस्कचा व्यास हबच्या साधारण दुप्पट असल्याने बाहेरच्या कडेला हाच तिरकेपणा ०.२ मिलिमीटर होतो. बऱ्याच गाड्यांना तिथे ०.१ मिलिमीटरच्या आसपासच मुभा असते.

गंमत अशी की पहिल्या दिवशी काहीच जाणवत नाही. गाडी मस्त थांबते. तिरकी डिस्क प्रत्येक फेऱ्यात एकाच जागी पॅडला चाटत राहते, तिथे ती हळूहळू पातळ होते, आणि काही हजार किलोमीटरनंतर कसारा घाट उतरताना स्टिअरिंग हातात थरथरायला लागतं. मग ‘डिस्क वाकडी झाली, माल डुप्लिकेट होता’ म्हणून दुकानदाराशी भांडण. डिस्क लेथवर घासून आणली तरी थोड्याच दिवसांत तेच, कारण हबवरचा गंज तिथेच आहे.

तारेच्या ब्रशने आणि एमरी पेपरने हबचा चेहरा धातू दिसेपर्यंत घासा. बोल्टच्या मुळाशी आणि मधल्या कंगोऱ्याला गंज जास्त साचतो, ब्रश तिथे नीट पोचत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने खरवडा. नवी डिस्क चढवल्यावर नट उलटे लावून ती हबला घट्ट बसवा आणि हाताने फिरवा. डायल गेज (डिस्क किती तिरकी फिरते ते मोजणारं उपकरण) असेल तर उत्तमच. नागदेवीला टॉर्क पाना (ठरावीक जोरानेच आवळणारा) घ्यायला गेलात तर त्याच फेरीत चुंबकी स्टँडसकट गेजही बघा. दोन-तीन मित्रांत मिळून घेतला तर परवडतो.

नव्या डिस्कला गंज लागू नये म्हणून तेलाचा थर दिलेला असतो. तो ब्रेक क्लीनरने काढा, किंवा भांड्यांच्या साबणाने आणि गरम पाण्याने धुऊन लगेच कोरडी करा. रॉकेलने पुसू नका, मागे तेलकटपणा राहतो आणि तो पॅड शोषून घेतात.

पिन, क्लिप आणि पिस्टन

कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो त्या बोटाने सहज आत-बाहेर व्हायला हव्यात. चिखलात फिरणाऱ्या गाडीत रबरी टोपी फाटून पाणी शिरलेलं असतं. पिन जाम झाली की आतला पॅड संपतो आणि बाहेरचा निम्मा शिल्लक राहतो. जुने पॅड फेकण्याआधी शेजारी ठेवून बघा, हे निदान फुकट मिळतं. वरची आणि खालची पिन अनेकदा वेगळी असते, एकीवर रबरी बूश असतो, त्यामुळे अदलाबदल करू नका. ग्रीस ब्रेकसाठीचं सिलिकॉनचंच लावा. बेअरिंगचं ग्रीस लावलं की रबर फुगतं आणि पिन पुन्हा जाम.

पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकं, ज्या स्टीलच्या क्लिपांत बसतात, त्या क्लिपांखालीही गंज फुगतो. नवा पॅड घट्ट बसतोय म्हणून त्याचे कान कानशीने घासणारे लोक आहेत. क्लिप काढून खालचा ब्रॅकेट घासा, पॅड आपोआप सरकायला लागतो. पॅड उलटा, म्हणजे लोखंडी पाठ डिस्ककडे करून बसवणं हेही घडतं, हसू नका.

नवे जाड पॅड मावावेत म्हणून कॅलिपरमधला पिस्टन (पॅडला ढकलणारा) मागे न्यावा लागतो. तो मागे ढकलण्याआधी त्याची रबरी टोपी आणि आजूबाजूचा चिखल पुसा, नाहीतर माती आत जाते. बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण ढिलं करा आणि पातळीवर लक्ष ठेवा. मधल्या काळात कुणी टॉप-अप केलं असेल तर पिस्टन मागे जाताना ते उतू जातं, आणि ब्रेक ऑइल रंग खातं. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा. हे ऑइल हवेतली ओल शोषतं: कोरड्या डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) चा उत्कलनबिंदू निदान २३० अंश सेल्सियस असतो, ओल धरलेल्याचा १५५ पर्यंत उतरू शकतो. दोन वर्षं झाली असतील तर याच वेळी बदलून घ्या. ब्रेकच्या धुळीवर फुंकर किंवा हवा मारू नका, ओल्या फडक्याने टिपा.

किल्ली फिरवण्याआधी

पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे ब्रेकचं पहिलं पॅडल तळाला जातं. गाडी उभी असतानाच पॅडल कडक होईपर्यंत दाबत राहा. पोडियमच्या उतारावर रिव्हर्स टाकून मग ही गोष्ट आठवणं परवडणारं नाही. ब्रॅकेटचे बोल्ट आणि चाकाचे नट मॅन्युअलमधल्या टॉर्कनेच, तेही नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा.

मग नवे पॅड डिस्कवर घासून नीट जुळावेत म्हणून पहाटे मोकळा रस्ता गाठा. बीकेसी किंवा पाम बीच चालेल, सायकलवाल्यांना सांभाळून. साठच्या वेगावरून पंधरापर्यंत ठामपणे ब्रेक, पूर्ण न थांबता, मध्ये थोडं अंतर जाऊ देत, असं आठ-दहा वेळा. तापलेल्या ब्रेकवर पाय दाबून सिग्नलला उभे राहू नका. शेवटी काही किलोमीटर ब्रेक न वापरता गाडी थंड करा.

नंतर काही वाटलं तर

सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर: रात्रीचा गंज, पावसाळ्यात रोजचंच. सतत घासल्याचा आवाज: डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून तिला लागतोय, किंवा त्यात खडा अडकलाय. या दोन्ही गोष्टी हाताने सुटतात. एका चाकाची रिम दुसरीपेक्षा स्पष्ट जास्त गरम: पिन किंवा क्लिप, पुन्हा उघडा. पॅडल मऊ लागतंय आणि तुम्ही होज सोडवलाच नव्हता: पॅड वाकडा बसलाय का बघा. होज सोडवला असेल तर हवा शिरलीय, ती पूर्ण निघेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. पिस्टनची रबरी टोपी फाटलेली दिसली, ऑइल ओघळत असेल किंवा एबीएसचा दिवा विझत नसेल, तर चाक बसवून मेकॅनिकलाच घरी बोलवा. गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका.