मिळून कोकणात घर घ्यायचं तर

मे महिन्यात दापोली-गुहागरकडे चार दिवस राहून परतताना गाडीतच विषय निघतो: आपण मिळून इथं एक घर घेऊया का? जरूर घ्या. वर्षातले वीस दिवस राहायच्या घराचा भार एकट्यानं कशाला उचलायचा? पण अशी घरं पैशांपेक्षा न बोललेल्या गोष्टींवरूनच जास्त मोडतात. म्हणून विसार देण्याआधी या गोष्टी पाहून, ठरवून घ्या.

१. काय घेताय ते ओळखा. रिसॉर्टची टाइमशेअर मेंबरशिप म्हणजे सहसा मालकी नव्हे. ठरलेली वर्षं, दरवर्षी ठरलेले दिवस राहण्याचा तो हक्क, वर देखभालीचे पैसे वेगळे. इथं सांगतोय ते खरेदीखतावर सगळ्यांची नावं असलेल्या घराबद्दल.

२. जमीन तपासा. महाराष्ट्रात शेतजमीन शेतकऱ्यालाच घेता येते, त्यामुळे घराखालची जमीन बिनशेती आहे ना, ते आधी पाहा. कोकणात एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस सामाईक नावं सर्रास असतात. मुंबईतल्या एका चुलत्याची सही राहिली, तर त्याचा हिस्सा त्याचाच राहतो. समुद्र जवळ असेल तर सीआरझेडची, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या निर्बंधांची, चौकशी करा.

३. हिस्से खरेदीखतातच लिहा. समजा घर ८० लाखांचं आहे. एकानं ४० लाख घातले, दोघांनी वीस-वीस. मग ५०, २५, २५ टक्के असं स्पष्ट लिहा आणि प्रत्येकानं आपापल्या खात्यातून पैसे द्या. कोणी किती दिले याचा पुरावा नसला, तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा हिस्से सारखे धरतो. एकूण किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर विकणाऱ्याला पैसे देताना एक टक्का टीडीएस (सरकारला भरायचा कर) कापावा लागतो, एकेकाचा वाटा कमी असला तरी.

४. दिवस आणि खर्च वाटा. गणपती, दिवाळी, नाताळ आणि मे महिना हे आठवडे वेगळे काढा आणि पाळीनं फिरवा: यंदा गणपती तुमचे, पुढच्या वर्षी आमचे. बाकीच्या दिवसांसाठी 'आधी सांगेल त्याचं' पुरे. घरपट्टी, राखणदाराचा पगार, मेमध्ये कौलं चाळणं, वाळवीचं औषध हे खर्च हिश्शाप्रमाणे, कोणी राहायला येवो न येवो. वीज आणि गॅस मात्र वापरेल त्यानं भरायचा. त्यासाठी दाराजवळ खिळ्याला एक वही टांगा. आल्यावर मीटरचं रीडिंग, निघताना रीडिंग, सिलिंडर कधी लावला, पंप कुठे गळतोय, सगळं तारखेसह तिच्यात. आमच्याकडे ही वही आल्यापासून विजेच्या बिलावरून एकदाही आवाज चढला नाही.

५. बाहेर पडायची वाट आधी ठरवा. हे बोलायला सगळ्यांनाच जड जातं, पण इथं संकोच करू नका. सहमालक आपला हिस्सा कोणालाही विकू शकतो. उद्या परकं माणूस तुमचं भागीदार होईल. म्हणून आपसातल्या करारात लिहा: विकायचं झालं तर आधी बाकीच्यांना विचारायचं, भाव सरकारमान्य मूल्यांककाकडून काढायचा, उत्तराला ६० दिवस. पैसे एकदम द्यायचे की हप्त्यांनी, तेही लिहा. हे लिहिलेलं नसलं आणि बिनसलं, तर उरतो वाटपाचा दावा. घराच्या तर भिंती वाटता येत नाहीत. १८९३ च्या वाटप कायद्याखाली कोर्ट ते विकून पैसे वाटून द्यायला सांगू शकतं.

मृत्यूचंही तसंच. घर मागे राहिलेल्या सहमालकाकडे आपोआप जात नाही, गेलेल्याचा हिस्सा त्याच्या वारसांकडे जातो. तेव्हा प्रत्येकानं मृत्युपत्र करावं आणि मुलांनाही हा करार वाचायला द्यावा.

६. करार वकिलाकडून लिहून घ्या आणि खरेदीखताच्या दिवशीच सगळ्यांच्या सह्या उरका. मूळ कागद एकाकडे, स्कॅन सगळ्यांकडे, आणि किल्लीचा एक जोड राखणदाराकडे.