टेकडी रोज चढता, पण वजन उचलता का? स्नायूंना कामाला लावायची आणि जेवू घालायची पद्धत

तळजाईच्या टेकडीवर मी गेली नऊ वर्षं रोज सकाळी जाते, पावसाळ्यातसुद्धा. तरी गेल्या वर्षी एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची टेस्ट, ६.१ आली (५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस, डायबेटिसचा उंबरठा) आणि मी रिपोर्ट घेऊन अशी तणतणत गेले की जणू लॅबनेच घोळ घातलाय. वजन ५८, लोक बारीक म्हणतात, पोट मात्र ओढणीखाली लपवलेलं. डॉक्टरांनी माझा दंड चिमटीत धरून बघितला आणि म्हणाल्या, "अहो, साखर ठेवायला जागा कुठंय इथे?"

ते डोक्यात बसलं. मग वर्षभर जे वाचलं, विचारलं, करून बघितलं ते लिहितेय, माझ्यासारखे अजून बरेच असणार पुण्यात.

आधी गोदामाची गोष्ट. पोळी, भात, पोहे, सगळ्याचं शेवटी ग्लुकोज होतं आणि ते साठवायची सगळ्यात मोठी जागा म्हणजे स्नायू. तिथे ते ग्लायकोजेन म्हणून राहतं, चांगल्या अंगापिंडाच्या माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम, बारीक बाईत कमी, आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास. एरवी इन्शुलिनने बेल वाजवली की स्नायूचं दार उघडतं. पण स्नायू काम करत असतो तेव्हा बेल न वाजवताही साखर आत जाते, आणि व्यायाम संपल्यावरही पुढे एक-दोन दिवस तो इन्शुलिनचं जास्त ऐकतो. म्हणूनच सलग दोन दिवसांच्या वर खाडा करू नका म्हणतात. रविवारी सिंहगड आणि सोमवार ते शनिवार खुर्ची, हे चालत नाही.

आता यातली खरी मेख. एका स्नायूतलं ग्लायकोजेन दुसऱ्याला उधार मिळत नाही! साखर परत रक्तात सोडायला जे एन्झाइम लागतं ते लिव्हरकडे आहे, स्नायूकडे नाही. म्हणजे टेकडी चढून माझ्या पोटऱ्या-मांड्या रिकाम्या व्हायच्या आणि दंड, पाठ, खांदे भरलेल्या गोदामासारखे तसेच, आणि ते गोदामही मुळात खोलीएवढं. त्यात नऊ वर्षं तोच रस्ता, तोच वेग, त्याच मैत्रिणी, त्याच गप्पा, पायांनासुद्धा त्याचं काही वाटेनासं झालेलं.

आणि हे फक्त माझंच नाही. आपल्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डायबेटिसवाले डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांचा आणि एका ब्रिटिश सहकाऱ्याचा फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण शरीरातली चरबी याज्ञिकांची २१.२ टक्के आणि त्या गोऱ्या डॉक्टरांची ९.१. वजनकाटा आपल्याला कसा फसवतो ते एका फोटोत.

तर करायचं काय. सगळ्यात सोपं आधी, जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालायचं. शतपावली म्हणतो तेच, फक्त शंभर पावलांवर थांबायचं नाही. साखर रक्तात येत असतानाच पाय ती ओढून घेतात, मीटर लावून बघितलंत तर फरक दिसतो. सोसायटीच्या पार्किंगमध्ये झालं तरी चालतं, मी तर पावसात गॅलरीतच फेऱ्या मारते, सासूबाई हसतात.

टेकडीवर एकाच वेगाने जाऊ नका. चढ आला की दोन मिनिटं इतक्या जोरात की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही, मग सपाटीवर हळू, परत चढाला जोर. हळू चालताना शरीर चरबीवर जास्त भागवतं, जोर लावला की ग्लायकोजेनला हात घालतं, आणि काही आठवड्यांत स्नायूत मायटोकॉन्ड्रिया वाढतात, म्हणजे इंधन जाळणाऱ्या शेगड्याच वाढतात म्हणा ना.

आणि वजन. हेच मी टाळत होते, जिम म्हटलं की मोठ्ठी गाणी आणि आरसे. घरीच सुरू केलं, आठवड्यातून दोनदा, मध्ये निदान एक दिवस सोडून. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, ते जमलं की अर्ध्या बैठका. भिंतीला हात लावून जोर, मग ओट्याला टेकून, मग जमिनीवर. दोन पिशव्यांत पाच-पाच किलो तांदूळ घालून कमरेत वाकून कोपर मागे ओढायचे, पाठीला यासारखं काही नाही. प्रत्येकाचे ८ ते १२ वेळा, दोन-तीन सेट, आणि शेवटचे दोन जड गेलेच पाहिजेत. बारा सहज झाले की वजन वाढवायचं, नाहीतर तीही तळजाईच होते. पहिल्या महिन्यात ताकद वाढल्यासारखी वाटते ती बरीचशी मेंदू-नसांची करामत असते, स्नायू भरायला वेळ लागतो, तेव्हा आरशात काही दिसलं नाही म्हणून सोडू नका.

एक गैरसमज मात्र काढून टाका, स्नायू वाढवले की बसल्याबसल्या ढीगभर कॅलरी जळतात हा. एक किलो स्नायू आरामात दिवसाला १३ कॅलरीच्या आसपास जाळतो, म्हणजे जेमतेम अर्धं बिस्किट. फायदा साखरेच्या गोदामाचा आहे, बिस्किटाचा नाही.

आता ताट. व्यायामानंतर दिवस-दीड दिवस स्नायू नवीन प्रोटीन बांधत असतो, पण विटाच आणून टाकल्या नाहीत तर गवंडी काय करणार. साध्या माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन ही आपल्या आयसीएमआरची (सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची) शिफारस, वजन उचलणाऱ्याला १.२ ते १.६ धरा. म्हणजे माझे ७० ते ९० ग्रॅम. मी एक दिवस वही घेऊन मोजलं, पोहे ५, दोन पोळ्या ६, वरण ४ (आमचं वरण म्हणजे हिंग-हळदीचं पाणी), वाटीभर दही ५, रात्री परत तेच, चहातलं दूध धरून कसेबसे ४०! आणि आम्ही स्वतःला चौरस आहार घेणारे समजत होतो.

बदल काही फार मोठे नाहीत. दर जेवणात २०-२५ ग्रॅम प्रोटीन बसवायचं, सगळं रात्री कोंबायचं नाही. दोन अंड्यांत १२-१३, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, ३० ग्रॅम कोरड्या सोया वड्यांत १५, मूठभर दाण्यांत ७ पण दाणे बेताने, त्यात तेल भरपूर. मटकीची उसळ चमच्याने वाढायची नाही, वाटी भरून घ्यायची. वरण घट्ट करा, आणि वरण-भात एकत्रच खा, तांदळात लायसिन कमी ते डाळ भरून काढते. गोड न केलेला चक्का काकडीबरोबर मस्त लागतो. व्हे पावडर घ्यायची तर घ्या, चीज करताना उरलेल्या पाण्यातलंच प्रोटीन वाळवून डब्यात भरलेलं असतं ते. एकादशीची साबुदाणा खिचडी मात्र नुसता स्टार्च, दाण्याचं कूट सोडलं तर प्रोटीन नाहीच, त्या दिवशी ताक आणि दूध जोडीला घ्या.

भात-पोळी बंद करू नका हं, गोदाम रिकामं केल्यावर भरायला तेच लागतं. फक्त जास्तीचा भात व्यायामाच्या दिवशी, आणि व्यायामानंतरच्या जेवणात.

इन्शुलिन किंवा शुगरच्या गोळ्या चालू असतील तर व्यायाम वाढवायच्या आधी डॉक्टरांना सांगा, काही गोळ्यांवर साखर एकदम उतरू शकते. किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचंही विचारून.

सहा महिन्यांत माझं वजन ५८ चं ५८ च राहिलं, कमर दोन इंच कमी, एचबीएवनसी ५.८.

आणि सिंहगडाचं राहिलंच. वर पिठलं-भाकरी खा बिनधास्त, पण खाली जीपने येऊ नका, चालत उतरा. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार झेलतो, म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना आई आठवते. ते लॅक्टिक ॲसिडमुळे नसतं, ते तर तास-दोन तासात निघून गेलेलं असतं. बारीक इजा असते ती, भरून येते. पुढच्या महिन्यात परत गेलात तर निम्मं पण दुखत नाही.