इंजिन ब्लॉकचा कान तुटला: वेल्डिंगवाल्याला बोलावण्याआधी

कान म्हणजे ब्लॉकमधून बाहेर आलेला, बोल्टच्या भोकाचा भाग; इंजिन धरणारा ब्रॅकेट त्यालाच आवळलेला असतो. तुटलेला तुकडा आधी डबीत घालून ठेवा. त्याच्या तुटक्या तोंडावर कानस फिरवू नका. ते दाणेदार तोंड जसंच्या तसं राहिलं तरच तुकडा आपल्या जागी बसतो आणि बोल्टचं भोक मूळ ठिकाणी येतं. तुटण्याचं कारणही तिथेच दिसतं. सगळं तोंड एकसारखं स्वच्छ असेल तर कान एका दणक्यात गेलाय. अर्धा भाग काळपट, तेलकट असेल तर चीर जुनी आहे आणि दोष बहुधा कानात नाही. दुसऱ्या बाजूच्या फाउंडेशनचं, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं त्या माउंटिंगचं, रबर बसलेलं असतं, बोल्ट सैल चालत असतो, किंवा कुणीतरी जास्त लांब बोल्ट टाकलेला असतो आणि तो भोकाच्या तळाला टेकून कानाला आतून ताण देतो. म्हणून सगळी फाउंडेशन हलवून बघा आणि लागतील तेवढी नवी आधीच आणून ठेवा. नाहीतर जोडलेला कानही त्याच वाटेने जाईल.

मग चीर कुठवर गेलीय ते बघायचं. नुसत्या डोळ्यांवर भरवसा नको, डाय पेनेट्रंटचे स्प्रे आणा. लाल रंग मारून थोडा वेळ मुरू द्या, पुसा आणि वर पांढरा डेव्हलपर मारा. चिरेत शिरलेला रंग लाल रेघ होऊन बाहेर येतो. चीर कानातच थांबली असेल तर काम करण्यासारखं आहे. ती पाण्याच्या जॅकेटकडे (इंजिन थंड करणारं पाणी फिरतं त्या पोकळीकडे), ऑइलच्या वाटेकडे किंवा सिलिंडरकडे वळली असेल, तर माझ्या मते वेल्डिंगचा नाद सोडून दुसरा ब्लॉक शोधावा.

ब्लॉक कशाचा आहे ते ओळखायला लोहचुंबक खिशात हवाच; बिडाला चिकटतो, अ‍ॅल्युमिनियमला नाही. अ‍ॅम्बॅसेडरच्या जुन्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा, मारुतीच्या के सिरीजचा अ‍ॅल्युमिनियमचा. चुंबक कानालाच लावून बघा. अ‍ॅल्युमिनियमच्या ब्लॉकमध्येही लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या नळ्या, सहसा लोखंडी असतात.

बीड असेल तर निकेलचे रॉड आणि छोटी हातोडी लागेल. एका वेळी इंचभरच टाका मारायचा, गरम असतानाच हातोडीने हलके ठोकायचा, आणि हात लावण्याइतका निवल्यावर पुढचा. तापलेला बिडाचा तवा पाण्याखाली धरला की तडकतो, तीच गत इथे. थंड होताना ‘टच्’ असा आवाज आला की समजा, टाक्याशेजारी नवी चीर पडली. झाकायला कोरडी राख किंवा ग्लासवूल जवळ ठेवा, पंखा बंद.

अ‍ॅल्युमिनियमला आर्गन वेल्डिंग, म्हणजे एसीवर चालणारं टिग. फिलर, म्हणजे जोडात वितळवायची तार, 4043 नंबरची. खरी मेहनत सफाईत आहे. धातू साधारण 660 अंशाला वितळतो, पण त्यावरचा ऑक्साइडचा थर 2000 अंशांच्या पुढे. त्यामुळे स्टेनलेसचा नवा ब्रश घ्या, लोखंडावर कधीही न वापरलेला. वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं कास्टिंग तापलं की घामेजतं. हलकं तापवायचं, अ‍ॅसिटोनने पुसायचं, परत तापवायचं, तेल यायचं थांबेपर्यंत. मात्र अ‍ॅसिटोनची बाटली बंद करून लांब ठेवल्याशिवाय टॉर्च पेटवू नका, आणि भाग निवल्याशिवाय पुसू नका. ब्रेक क्लीनर इथे अजिबात नको. क्लोरीनवाला असेल तर आर्कच्या उष्णतेत त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू होतो.

इंजिन गाडीतच ठेवून काम करणार असाल तर चेन पुलीने वरून धरा. ते शक्य नसेल तर चेंबरखाली (इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याखाली) रुंद लाकडी फळी ठेवून मग जॅक लावा. नुसत्या जॅकच्या डोक्याने चेंबर चेपतो. बॉडीखाली घोड्या, म्हणजे गाडी पेलणारे स्टँड, हव्यातच. बॅटरीच्या दोन्ही वायरी काढा, अल्टरनेटर आणि ईसीयूचे (इंजिनाच्या कॉम्प्युटरचे) प्लग सोडवा. अर्थिंगचा चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावा. लांब लावला तर करंट बेअरिंगांतून फिरतो आणि त्यांना खड्डे पडतात. पेट्रोलची लाइन बाजूला, फायर एक्स्टिंग्विशर हाताशी. गाडीला सीएनजी किट असेल तर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद करून लाइन रिकामी केल्याशिवाय ठिणगी पाडायची नाही.

भंगारातून त्याच गाडीचा जुना ब्रॅकेट मिळवा. तो शेजारच्या चांगल्या कानांना बोल्टने आवळून तुटका तुकडा त्यालाच बांधला की भोक सरकत नाही. आपल्या गाडीतला चालू ब्रॅकेट वापरला तर त्याचं रबर जळतं.

आटे वेल्डिंगच्या उष्णतेत बिघडणारच, तेव्हा टॅप आणि ड्रिल आणून ठेवा: एम10 × 1.25 ला (10 मिमी जाड बोल्ट, आट्यांमधलं अंतर 1.25 मिमी) 8.8 मिमीचं ड्रिल, एम8 × 1.25 ला 6.8. अ‍ॅल्युमिनियममध्ये बोल्ट त्याच्या जाडीच्या दुपटीइतका तरी आत गेला पाहिजे, म्हणजे एम10 साठी 20 मिमी. तेवढे आटे धड नसतील तर हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारी तारेची गुंडाळी, बसवा.

जवळपास दोन-तीन चांगले कान असतील तर वेल्डिंगऐवजी लेथवाल्याकडून त्या कानांना बोल्टने बसणारी जाड पोलादी पट्टी करून घेणं मला जास्त पटतं. भोकांची अंतरं पुठ्ठ्यावर काढून न्या. तुटक्या कानावर तिचा भार येत नाही, आणि काही बिनसलं तर खोलता येते.

कुठलाही मार्ग घेतला तरी बोल्ट नवे, लांबी मोजून. इंजिनाचं वजन फाउंडेशनवर बसल्यावरच शेवटचा टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलप्रमाणे द्या आणि बोल्टच्या डोक्यावरून ब्रॅकेटवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढा. आठवडाभराने बॉनेट उघडल्यावर रेघ तुटलेली दिसली तर बोल्ट फिरलाय.